पंचवीस किलोचं लेबल आणि वीस किलोचा सर्व्हो

माझ्या रिमोटवर चालणाऱ्या १/१० आकाराच्या ट्रकमध्ये सध्या तिसरा स्टिअरिंग सर्व्हो, म्हणजे पुढची चाकं वळवणारी गिअरवाली छोटी मोटर, आहे. पहिला ट्रकबरोबरच आला होता, दुसरा हौसेनं घेतला, तिसरा शहाणपण आल्यावर. लिहायचंय या तिसऱ्याबद्दल, म्हणजे सॅव्हॉक्स एससी-१२५६टीजीबद्दल. पण दुसऱ्यानं काय काय दाखवलं ते सांगितल्याशिवाय तिसऱ्याची कदर कळायची नाही.

पहिल्याचं थोडक्यात उरकतो. उडीवरून उतरताना पुढची चाकं पूर्ण वळलेली राहिली, ‘कट्’ असा बारीक आवाज आला आणि चाकं लुळी पडली. उघडून पाहिला तर शेवटच्या प्लॅस्टिक गिअरचे तीन दाते उडालेले. भाचा शेजारीच उभा होता. “मामा, आता मेटल गिअरचाच घे. पंचवीस किलोचा!” किलो ऐकलं की आम्हा दोघांचंही भान सुटतं. घेतला.

लेबलवर ठळक २५ किलो. हा आकडा खरं तर किलो-सेंटिमीटरचा असतो: सर्व्होच्या मध्यापासून एक सेंटिमीटरवर दोरी बांधली तर तो किती किलो ओढेल, ते. दोन सेंटिमीटरवर बांधली की निम्मं. मी हॉर्नच्या, म्हणजे सर्व्होच्या दांड्यावर बसणाऱ्या छोट्या हाताच्या, दोन सेंटिमीटरवरच्या भोकात तार अडकवली, दुसरं टोक प्रवासाची बॅग तोलायच्या हुकाच्या काट्याला, आणि स्टिअरिंग दाबून धरलं. साडेबारा किलोच्या आसपास दिसायला हवे होते. काटा सहाच्या थोडा पुढे गेला आणि थांबला. म्हणजे झाले जेमतेम बारा-तेरा किलो-सेंटिमीटर. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

मग बारीक अक्षरं वाचली. २५ हा आकडा ७.४ व्होल्टवरचा होता, आणि माझ्या ईएससीचा (ट्रकच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पेटीचा) बीईसी, म्हणजे बॅटरीतून ठरावीक व्होल्टेज पुरवणारा भाग, सर्व्होला ६ व्होल्टच देतो. तेव्हा अर्धी चूक माझी. उरलेली अर्धी लेबलची, कारण व्होल्टेज उतरल्यानं जोर कमी होतो हे मान्य, पण निम्मा होत नाही. तेव्हापासून आकड्याशेजारी व्होल्टेज लिहिलं नसेल तर मी तो आकडा वाचतच नाही.

जोर कमी पडला म्हणून मात्र तो मी काढला नाही. बारा किलो-सेंटिमीटरमध्ये अडीच किलोचा ट्रक मजेत वळतो. काढला तो मध्यापायी. डावीकडे वळवून सोडला की चाकं किंचित डावीकडे राहायची, उजवीकडून सोडलं की किंचित उजवीकडे. सरळ पट्ट्यात ट्रक सरळ जाईना. दर वळणानंतर अंगठा रिमोटच्या ट्रिमवर, म्हणजे मध्य सरकवायच्या बटणावर. खात्री करायला हॉर्नला वीस सेंटिमीटरची काडी चिकटवली आणि खाली कागदावर खुणा केल्या. दोन्ही बाजूंनी सोडल्यावर काडीच्या टोकात तीन मिलिमीटरचा फरक. म्हणजे जवळजवळ एक अंश. ऐकायला काहीच नाही, पण वेगात तोच एक अंश ट्रकला कडेच्या दगडांत नेतो. आणि हा आकडा कुठल्याच खोक्यावर छापत नाहीत.

आता सॅव्हॉक्स. कंपनी ६ व्होल्टला २० किलो-सेंटिमीटर आणि ६० अंशांना ०.१५ सेकंद सांगते. कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर, टायटॅनियमचे गिअर, २५ दात्यांचा स्प्लाइन, म्हणजे हॉर्न बसतो तो दातेरी दांडा. माझ्या काट्यानं दोन सेंटिमीटरवर नऊच्या वर दाखवलं, ते मला पटलं. काडीच्या परीक्षेत तर दोन्ही खुणा एकमेकींवर आल्या. मी तीनदा करून पाहिलं, कारण विश्वास बसेना.

वेगाचं माझं आधी दुर्लक्षच होतं. नंतर हिशेब मांडला. ताशी ४० किलोमीटरनं धावणारा ट्रक सेकंदाला ११ मीटर जातो. चाकं या टोकाहून त्या टोकाला न्यायला पाव सेकंद लागला तर तोवर तो पावणेतीन मीटर पुढे गेलेला असतो, ०.१५ सेकंदात पावणेदोनच्याही आत. उडीनंतर तिरका उतरलेला ट्रक सावरायला हा मीटरभराचा फरक पुरतो. माझा उलटण्याचा जुना शिरस्ता त्यामुळे बराच कमी झालाय.

पण बसवल्यावर पहिल्याच दिवशी ट्रक आचके द्यायला लागला. थ्रॉटल पूर्ण आणि त्याच वेळी जोरात वळण, की क्षणभर सगळं बंद, रिमोटचे संदेश घेणाऱ्या रिसीव्हरचा दिवा लुकलुक, पुन्हा चालू. सर्व्होच खराब निघाला असं वाटून मी तो परत पाठवायच्या बेतात होतो. दोष त्याचा नव्हता. असा दमदार सर्व्हो अडकून जोर लावतो तेव्हा चार-पाच अँपिअर सहज ओढतो, आणि माझ्या साध्या ईएससीचा बीईसी दोन-तीन अँपिअरचा. व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर बेशुद्ध पडतो. रिसीव्हरच्या रिकाम्या जागेत मोठा कपॅसिटर लावून पाहिला. आचके कमी झाले, गेले नाहीत. शेवटी वेगळा १० अँपिअरचा बीईसी बॅटरीवरून थेट घेतला, ६ व्होल्टवर ठेवला आणि ईएससीच्या वायरीतली लाल तार रिसीव्हरच्या प्लगमधून काढून टेप गुंडाळली, म्हणजे दोन बीईसी एकमेकांशी भांडणार नाहीत. तेव्हापासून एकदाही आचका नाही. असा सर्व्हो घेणार असाल तर बीईसी त्याच खरेदीत धरा. आणि या मॉडेलला ६ व्होल्टच्या वर नेऊ नका. हा हाय व्होल्टेज सर्व्हो नाही.

हॉर्नचं एक सांगायला हवं, कारण त्यात मी एक हॉर्न वाया घालवला. प्रत्येक कंपनीचा स्प्लाइन वेगळा: फुताबाचा २५ दात्यांचा, हायटेकचा २४, सानवा आणि जेआरचा २३. खणात पडलेला २४ दात्यांचा अॅल्युमिनियमचा हॉर्न ‘जवळजवळ बसतोय’ म्हणून दाबला, तर आतले दाते सोलून निघाले. २५ दात्यांत एक दाता म्हणजे १४.४ अंश, त्यामुळे हॉर्न नेमका काटकोनात बसेलच असं नाही. रिमोट चालू करून, ट्रिम शून्यावर ठेवून सर्व्होला मध्यावर येऊ द्या, मग हॉर्न जमेल तितका सरळ बसवा, उरलेलं सबट्रिमवर, म्हणजे रिमोटमधल्या मध्याच्या बारीक दुरुस्तीवर.

सर्व्हो सेव्हर, म्हणजे चाकांचे धक्के सर्व्होआधी झेलणारा स्प्रिंगचा जोड, तोही बदलावा लागला. ट्रकबरोबरची स्प्रिंग इतकी मऊ की नव्या सर्व्होचा जोर चाकांपर्यंत पोचायच्या आत स्प्रिंगच दबायची; वळण आधीइतकंच सुस्त. कडक स्प्रिंग टाकली. सेव्हर काढूनच टाकावा असा सल्ला भाच्यानं दिला होता. क्रॉलरवाले थेट हॉर्न लावतात ते ठीक, ते मुंगीच्या चालीनं दगड चढतात. उड्या मारणाऱ्या ट्रकमध्ये सेव्हर काढला तर धक्का थेट गिअरवर, आणि गिअर टिकले तर सर्व्होचे कान (स्क्रू बसतात त्या कडा) किंवा चॅसिस जाईल.

त्यानंतर एंड पॉइंट, म्हणजे सर्व्हो कुठवर वळायचा ती रिमोटमधली मर्यादा. माझ्या ट्रकचं डावं टोक उजव्याच्या आधी येतं. चाक टेकल्यावरही सर्व्हो ढकलत राहिला की तो घूं घूं करतो, तापतो आणि बीईसीला पिळून काढतो. चाक टेकण्याच्या केसभर अलीकडे आवाज थांबतो; मी एंड पॉइंट तिथेच ठेवलाय.

तक्रारी दोन. उभा असतानाही तो बारीक आवाजात किणकिणतो. डिजिटल सर्व्होचा तो स्वभावच, पण शांत खोलीत डोकं उठवतो. दुसरी जास्त महत्त्वाची: तो वॉटरप्रूफ नाही. आमचं पळवणं कोरड्या मातीत असतं म्हणून मला चालतो. चिखलपाण्यात घालणाऱ्यानं रबरी रिंगांनी बंद केलेलं मॉडेल बघावं, माझ्या कौतुकाकडे लक्ष देऊ नये.

पंचवीस किलोवाला अजून आहे. भाच्यानं त्याच्या ट्रकला मागे उचलता येणारा हौदा केलाय, तो वर-खाली करायला. हौदा भरभरून वाळू उचलतो, आणि मध्य एक अंश चुकला तरी तिथे कोण बघतंय!