प्रेस बटणाची डाय नीट बसत नसेल तर : तयार डाय, टर्नरकडचे काम की नवा प्रेस?

सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत, मग तो अक्कलकोट रोड एमआयडीसीतला मोठा शेड असो की पूर्व भागातल्या घराच्या माळ्यावर मांडलेली पाच-सहा मशिने असोत, बिडाचा एखादा हँड प्रेस बहुधा सापडतोच. बॉयलर सूट आणि ॲप्रनची प्रेस बटणे, पँटचे हुक, पट्ट्यांच्या आयलेट असे सगळे काम त्याच्यावर चालते. जूनमध्ये शाळा उघडण्याआधीच्या गर्दीत नेमके याच प्रेसचे दुखणे वर येते. बटणाची टोपी एका अंगाला चेपते, हुकाचे पाय एकीकडेच वळतात, वरची डाय, म्हणजे बटण दाबून बसवणारा पोलादी साचा, काम चालू असताना सुटून खाली पडते, किंवा नवी आणलेली डाय दोन आटे फिरून अडकून बसते. अशा वेळी मालकापुढे तीन रस्ते असतात: बाजारातून तयार डाय आणणे, लेथवर काम करणाऱ्या टर्नरकडून रॅम (डाय धरून खालीवर होणारा दांडा) किंवा बुश (रॅमच्या भोकात बसवायची नळी) करून घेणे, अथवा प्रेसच बदलून पायाचा किंवा हवेवर चालणारा घेणे. या तिन्हींची तुलना येथे केली आहे. माझे मत आधीच सांगतो. दोष डायमध्ये कमी आणि डाय जिथे बसते त्या जागेत जास्त आढळतो. त्यामुळे बॉडी शाबूत असेपर्यंत टर्नरकडचे काम हाच बहुतेकांसाठी योग्य रस्ता आहे, मात्र ते मोजमाप घेऊन करून घेतले पाहिजे.

निवड करण्याआधी दोष कुठे आहे हे ठरवावे लागते, आणि त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. सर्वप्रथम रॅम बाहेर काढून रॉकेलने धुवावा. टॉवेल आणि ड्रिलच्या कापडाची तूस ग्रीसमध्ये मिसळली की काही महिन्यांत तिचा घट्ट लेप बनतो. तो डायच्या दांड्यामागे साचला तर डाय पूर्ण आत जात नाही आणि वाकडी बसल्यासारखी दिसते. ही तूस न काढता दुरुस्तीला गेलेले प्रेस मी पाहिले आहेत. रॉकेल आणि जुना टूथब्रश एवढ्यावर भागणाऱ्या कामासाठी लेथवर पैसे मोजण्याचे कारण नाही.

त्यानंतरची कार्बन पेपरची चाचणी फार उपयोगी आहे. खालच्या डायवर पांढरा कागद, त्यावर कार्बन पेपर ठेवून हँडल हलक्या हाताने दाबावे. कागदावर डायच्या कडेचे गोल वळे उमटते. ते सगळीकडे सारख्या काळेपणाचे असेल तर डाय आणि रॅम सरळ आहेत. वळ्याची एक बाजू गडद आणि समोरची बाजू पुसट किंवा कोरीच राहिली असेल, तर वरची डाय पाव फेरा फिरवून पुन्हा दाबावे. गडद भाग डायबरोबर फिरला तर दोष डायमध्ये आहे. गडद भाग जागच्या जागी राहिला तर डाय निर्दोष असून रॅम, त्याचे भोक किंवा खालची बैठक वाकडी आहे. आट्यांवर बसणारी डाय पाव फेरा फिरवली की उंचीही बदलते, एम ८ च्या (८ मिलिमीटर व्यासाच्या मेट्रिक) आट्यांवर सुमारे ०.३१ मिलिमीटरने, म्हणून त्या मानाने खालची डाय वरखाली करून दाब सारखा ठेवावा लागतो. अशोक चौकाजवळच्या एका कारखान्यात डाय दोनदा बदलूनही टोपी डावीकडेच चेपत होती. हीच चाचणी केल्यावर डाय कशीही फिरवली तरी वळ्याची डावी बाजू गडद राहिली. तिथे तिसरी डाय आणूनही काही फरक पडला नसता.

रॅमचा ढिलेपणा डायल गेजने, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने, मोजता येतो. २० मिलिमीटर व्यासाच्या सरकत्या रॅमसाठी एच ७ (भोकासाठी) आणि जी ६ (दांड्यासाठी) ही मापातल्या सुटीची प्रमाणित जोडी धरली, तर नव्या अवस्थेत भोक आणि रॅम यांच्यात ०.००७ ते ०.०४१ मिलिमीटर एवढी फट असते. ०.१ मिलिमीटरची झीज ऐकायला किरकोळ वाटते, पण रॅम भोकात तिरका होत असल्याने टोकाशी ती वाढते. भोकाची लांबी ६० मिलिमीटर असेल आणि डाय त्याखाली ३० मिलिमीटर लोंबत असेल, तर त्या ०.१ चे डायच्या टोकाशी ०.२ होतात. टोपीची नळी रुंदावण्याचे काम एवढ्या विचलनाने बिघडते. रॅम पूर्ण खाली आणून अंगठ्याने डावीउजवीकडे ढकलल्यावर हालचाल हाताला स्पष्ट जाणवत असेल, तर गेज नसला तरी निदान झाले असे समजावे.

तयार डाय कधी घ्यावी

गडद भाग डायबरोबर फिरतो, डायचे तोंड चेपून फुलले आहे, किंवा आत भाग धरून ठेवणारी स्प्रिंग तुटली आहे, अशा वेळी तयार डाय घेणे सर्वांत सोपे आणि स्वस्त पडते. त्यात दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे पोलाद. ओएचएनएस या तेलात कडक केल्या जाणाऱ्या पोलादाची, ५८ ते ६० रॉकवेल सी (कडकपणाचे एक माप) एवढा कडकपणा दिलेली डाय दीर्घकाळ टिकते, तर साध्या माइल्ड स्टीलची डाय लवकर तोंड फुगवते. दुकानात उभ्या उभ्या फरक ओळखायचा असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कानस फिरवावी. कडक पोलादावरून ती घसरते, मऊ पोलादाला चावते.

दुसरी गोष्ट आट्यांची, आणि बहुतेक फसगत येथेच होते. जुन्या प्रेसवर इंची आटे असतात आणि आता मिळणाऱ्या डायवर बहुधा मेट्रिक. आपल्याकडे टर्नर अजूनही अडीच सूत, तीन सूत असे बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुताचा व्यास ७.९४ मिलिमीटर भरतो आणि एम ८ चा ८, म्हणजे डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण अडीच सुती व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंची) आट्यांत इंचाला १८ आटे, म्हणजे पीच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) १.४१ मिलिमीटर, तर एम ८ चा पीच १.२५. शिवाय व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि मेट्रिकचा ६० अंशांचा. म्हणून चुकीची डाय एक-दोन आटे गोड फिरते आणि मग अडते. पान्याने जोर लावून ती बसवली की रॅमचे आटे कायमचे जातात, आणि त्यानंतर योग्य डायही तिथे टिकत नाही. दुकानात जाताना जुनी डाय आणि पीच गेज बरोबर न्यावे. सैल आट्यांवर दोरा किंवा टेप गुंडाळून डाय बसवण्याची रीत मात्र पूर्णपणे सोडावी, कारण अशी डाय दाबाखाली प्रत्येक वेळी वेगळ्या कोनात बसते.

आट्यांचा फरक ॲडाप्टरने मिटवता येईल का, असे अनेक जण विचारतात. बाहेरून एम १० आणि आतून एम ६ असा ॲडाप्टर जमतो, कारण मध्ये सव्वा मिलिमीटरच्या आसपास भिंत उरते. बाहेरून एम १० आणि आतून एम ८ जमत नाही, तिथे भिंतच राहत नाही. अशा वेळी नवा रॅम करून घेणेच बरे.

टर्नरकडचे काम

रॅम ढिला असेल तर टर्नरकडे दोन पर्याय असतात. पहिल्यात जुने भोक रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने, किंचित मोठे करून त्याला जुळणारा जाड रॅम करतात. खर्च कमी, वेळही कमी, बॉडीचे बीड फारसे कापले जात नाही. पण पुढे बाजारचा तयार रॅम या प्रेसला कधीच बसणार नाही, आणि पुन्हा झीज झाली की बिडाच्या भोकालाच हात घालावा लागेल. दुसऱ्यात बॉडीचे भोक मोठे बोअर करून त्यात गनमेटलचा (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचा) बुश दाबून बसवतात आणि बुशाला मूळ मापावर रीमर मारतात. काम अधिक आणि खर्चही अधिक, पण पुढच्या वेळी फक्त बुश बदलायचा असतो. झीज हलकी असून प्रेसवर काम थोडे असेल तर मी पहिला पर्याय सुचवेन. रोज दिवसभर चालणाऱ्या प्रेससाठी निःसंशय दुसरा.

बुशाच्या कामात टर्नरला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. बोअरिंग करताना बॉडी तिच्या खालच्या पृष्ठावरून काटकोनात धरावी, जुन्या भोकावरून नव्हे, कारण झिजलेले भोक लंबगोल झालेले असते आणि त्याच्या आधाराने घेतलेले नवे भोकही तिरके येते. बुश दाबून बसवल्यावर त्याचे आतले माप आवळते, म्हणून शेवटचा रीमर बसवल्यानंतरच मारावा. बुशाची भिंत तीन-साडेतीन मिलिमीटर धरली तर २० च्या रॅमसाठी बॉडीत २७ पर्यंत भोक जाते, तेव्हा त्याभोवती पुरेसे बीड उरते की नाही हे आधी मोजावे. रॅमसाठी ईएन ३१ जातीचे (बेअरिंगसाठी वापरतात ते), कडक करून ग्राइंड केलेले पोलाद मागावे. मऊ दांडा नव्या बुशात घातला तर काही काळाने पुन्हा तेच दुखणे सुरू होते. काम ताब्यात घेताना कार्बन पेपरची चाचणी टर्नरसमोरच करावी, म्हणजे काही कमी-जास्त असल्यास लेथ जवळ असतानाच दुरुस्त होते.

या रस्त्याची मर्यादाही मोठी आहे. बॉडीला तडा असेल तर बुश घालून उपयोग नाही. बिडाचे वेल्डिंग करण्यासाठी बॉडी आधी तापवावी लागते, निकेलचे इलेक्ट्रोड लागते आणि मग सावकाश थंड करावे लागते; एवढे करूनही दाब घेणाऱ्या मानेवरचे वेल्डिंग मला भरवशाचे वाटत नाही. तडा दिसत नसल्यास रॉकेल लावून पुसून घ्यावे आणि वर खडूची भुकटी फासावी, तड्यातले रॉकेल भुकटीवर रेघ ओढते.

नवा प्रेस

नवा प्रेस घेण्यामागे तंदुरुस्त बॉडीचा अभाव किंवा वाढलेले काम ही कारणे असावीत. डाय बसत नाही हे एकटे कारण पुरेसे नाही. पायाच्या प्रेसमध्ये दोन्ही हात मोकळे राहतात, त्यामुळे कापड सरळ धरता येते आणि नवशिकी कारागीरही भाग वाकडा ठेवत नाही. हवेवरच्या प्रेसमध्ये दाब प्रत्येक वेळी सारखा येतो. ६३ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर ६ बार हवेवर सुमारे १९० किलो दाब देतो, तोही न थकता. मात्र कॉम्प्रेसर, त्याचे वीजबिल आणि हवेतले पाणी काढण्याची देखभाल पदरात येते. मोटर आणि फ्लायव्हीलवरचा प्रेस लहान कारखान्यासाठी मी सुचवणार नाही. त्याचा घाव अर्ध्यावर थांबवता येत नाही, डाय किंचित सरकलेली असली तरी तो डाय फोडतो आणि बोटांना धोका असतो. हवेचा प्रेस घेतला तरी दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय न चालणारा, किंवा तोंडाशी जाळी असलेलाच घ्यावा.

खर्चाचा हिशेब करताना एक बाब सुटते. जुन्या प्रेसच्या सगळ्या डाय नव्यात बसतीलच असे नाही. प्रेस बटणाच्या मापागणिक, हुकासाठी आणि आयलेटसाठी वेगळे जोड असतात. बटणाचे माप लिनमध्ये, म्हणजे इंचाच्या चाळिसाव्या भागात सांगतात: २४ लिनची टोपी म्हणजे सुमारे १५.२ मिलिमीटर, २० लिनची म्हणजे १२.७, आणि एकीची डाय दुसरीला चालत नाही. नव्या प्रेसच्या रॅमचे आटे वेगळे निघाले तर हा सगळा संच पुन्हा घ्यावा लागतो, आणि तो खर्च दुकानातल्या भावात दिसत नाही. म्हणून नवा प्रेस बघायला जाताना जुन्या डायचा एक जोड, ज्या कापडावर काम करायचे त्याचे चार पदर आणि कार्बन पेपर बरोबर न्यावेत. डाय विक्रेत्यासमोर हाताने शेवटच्या आट्यापर्यंत फिरवून पाहावी. ती पान्याशिवाय पूर्ण आत गेली, कागदावरचे वळे सारखे उमटले आणि चार पदरांवर बटण एकाच दाबात बसले, तरच व्यवहाराचे बोलावे.