अकरा महिने वापरल्यानंतर: शंभर वॅटची रिग, आरएफ गेनची रिंग आणि एक रिले

माझी हॅम रेडिओची रिग (बोलायचा आणि ऐकायचा संच) सर्व्हिस सेंटरमधून दुसऱ्यांदा परत आली, त्याला आता तीन आठवडे झाले. तेव्हापासून ती नीट ऐकते आहे, म्हणून लिहायला बसले. स्पेक सगळ्यांना पाठ आहेत: डायरेक्ट सॅम्पलिंग, १०० वॅट, वॉटरफॉल, आतच अँटेना जुळवणारा ट्यूनर. त्यावर वेळ घालवत नाही. ट्रान्समिटबद्दल माझी एकही तक्रार नाही. मला बोलायचंय ते ऐकण्याबद्दल.

सुरुवातीला ४० मीटरच्या बँडवर संध्याकाळचा नॉइज सिग्नलच्या मीटरवर एस ७ च्या खाली येत नव्हता. जुन्या रिगवर त्याच अँटेनाला मीटर एस ५ दाखवायचा. दोन महिने मी नव्या रिगला नावं ठेवली. मग लक्षात आलं की पहिला प्रीॲम्प (येणारा सिग्नल वाढवणारं सर्किट) चालू आहे. रिग खोक्यातून तशीच आली होती आणि मी कधी तिकडे पाहिलंच नव्हतं. एक एस युनिट म्हणजे ६ डेसिबल आणि हा प्रीॲम्प साधारण १२ डेसिबलचा. दोन युनिटांचा हिशेब तिथेच लागला. प्रीॲम्प बंद केला, मीटर एस ५ वर आला आणि एकही स्टेशन ऐकू यायचं थांबलं नाही.

हे समजायला सोपी चाचणी आहे. अँटेनाचा कनेक्टर काढा, खरखर ऐका, परत जोडा. खरखर स्पष्ट वाढली, तर रिसीव्हरला अँटेनाकडून येणारा नॉइज ऐकू येतोय. त्यापुढे गेन वाढवून सिग्नल आणि नॉइज दोन्ही सारखेच वाढतात. माझ्याकडे ८० आणि ४० मीटरवर प्रीॲम्प कधीच लागत नाही, उलट रात्री १२ डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लावते. १० मीटरवर मात्र शांत बँडला प्रीॲम्प हवाच, तिथे फरक खरंच ऐकू येतो.

आता ती रिंग. व्हॉल्यूमच्या नॉबभोवती एक बारीक रिंग आहे, तीच आरएफ गेन, म्हणजे रिसीव्हरने येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी. गेले आठ महिने माझी बोटं सगळ्यात जास्त तिच्यावरच आहेत. समोरचा बोलायचा थांबला की एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट) सैल होतो आणि दोन शब्दांच्या मधे खरखर उसळून येते. दोन तासांच्या नेटनंतर (अनेकांच्या रेडिओवरच्या बैठकीनंतर) डोकं दुखायचं ते यामुळेच. रिंग मागे फिरवली की मीटरचा पट्टा वर सरकून एका जागी थांबतो, आणि त्याहून जोरदार सिग्नल आला तरच हलतो. पट्टा नॉइजच्या किंचित वर येईपर्यंत रिंग मागे घ्यायची. बोलणं होतं तेवढंच ऐकू येतं, पण मधली खरखर दबून राहते. मीटरचा आकडा मात्र खोटा ठरतो, समोरच्याला सिग्नलचा रिपोर्ट द्यायच्या आधी रिंग पुढे घ्यावी लागते. कितीही महागडा नॉइज रिडक्शन मला इतका आराम देऊ शकला नाही. या रिगचा नॉइज रिडक्शन चारच्या पुढे नेला की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो, आणि नॉइज ब्लँकर फक्त टकटक करणाऱ्या नॉइजला उपयोगी आहे.

इतक्या कामाची गोष्ट आणि तिला दिलेली जागा ही! रिंगला खाचा नाहीत. आवाज कमी करायला हात नेला की ती सोबत फिरते. स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारा) आणि आरएफ गेन दोघांना तीच एक रिंग. मेन्यूतून एक निवडा, दुसरं विसरा. बँड बदलला की प्रीॲम्प आणि ॲटेन्युएटर आठवणीत राहतात, गेन नाही. कंपनीने ट्यूनर वेगळा विकून स्वतंत्र नॉब दिला असता तर मी आनंदाने घेतला असता. शेवटी रिंगवर नेलपॉलिशचा ठिपका दिला, आता निदान कुठे आहे ते दिसतं.

घरातल्या नॉइजचा दोषही मी रिगवरच टाकला होता, तो मागे घेते. रिग बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद केला, तर नॉइज दोन युनिटं खाली गेला. एकेक सर्किट चालू करत गेले आणि टेबलावरच्या एलईडी दिव्याचा ड्रायव्हर सापडला. दिवा बदलला, कोॲक्सवर, म्हणजे अँटेनाच्या केबलवर, नॉइज अडवायला ३१ मिक्सच्या फेराइट कोअरचा चोक घातला. त्यासाठी नवी अँटेना घ्यावी लागली नाही.

सातव्या महिन्यात खरा बिघाड आला. एका सकाळी २० मीटर अगदी शांत. बँड बंद आहे असं समजले. मग सहज पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबून सोडला आणि बँड भरून आला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर म्हणाले, ‘मॅडम, प्रोपगेशन (लहरी दूरवर पोचणं) नसेल. दुसरा प्रीॲम्प चालू करून बघा, मीटर वर जाईल.’ मीटर जाईलच वर! रिग पाठवली, ‘दोष आढळला नाही’ या चिठ्ठीसह परत आली. मला वाटतं, त्यांनी आधी पॉवर मोजली असणार, म्हणजे आधी ट्रान्समिट केलं, आणि तेवढ्याने बिघाड काही काळ दबला.

मग मी १४.१०० मेगाहर्ट्झच्या बीकनवर (ठरलेल्या वेळी आपोआप सिग्नल पाठवणाऱ्या स्टेशनांवर) गेले. या साखळीत १८ बीकन आहेत, प्रत्येकाला १० सेकंद, तीन मिनिटांत फेरी पुरी. कॉलसाईननंतर (स्टेशनच्या ओळखीच्या अक्षरांनंतर) मोर्सचे चार लांब डॅश येतात: १००, १०, १ आणि ०.१ वॅटचे. म्हणजे प्रत्येक डॅश आधीच्यापेक्षा १० डेसिबल कमी. कोलंबोचा फोर एस सेव्हन बी हा बीकन धरला, अँटेना स्विचवर दोन्ही रिग लावल्या आणि पंधरा सकाळी वही भरली. जुनी रिग तिसरा डॅश ऐकायची. नवी बिघडलेली असली की पहिला जेमतेम, आणि पीटीटी दाबला की लगेच तिसरा. तोटा २० डेसिबलच्या आसपास. खात्रीसाठी २० डेसिबलचा पॅड (सिग्नल तेवढा कमी करणारी रेझिस्टरची जोडणी) केला: मधे २४० ओहम, दोन्ही टोकांना जमिनीकडे ६२-६२. पॅड लावताना माईक काढून ठेवा, नाहीतर चुकून ट्रान्समिट होऊन पाव वॅटचे रेझिस्टर जळतील. जुन्या रिगवर पॅड लावला आणि तीही पहिल्या डॅशवर आली.

वही आणि रेकॉर्डिंग पाठवल्यावर फोनवरचा सूर बदलला. ट्रान्समिट-रिसीव्ह रिलेचा (अँटेना पाठवण्याकडून ऐकण्याकडे वळवणाऱ्या स्विचचा) संपर्क खराब होता, बदलून दिला. वॉरंटीत, हो. पण दोन्ही वेळचं कुरिअर माझ्या खिशातून गेलं, आणि पहिली फेरी त्यांच्या आळसामुळे झाली, हे मी विसरणार नाही.

शेरवूड यांच्या रिसीव्हर-चाचण्यांच्या यादीतला दोन किलोहर्ट्झचा डायनॅमिक रेंज (शेजारी जोरदार सिग्नल असताना कमजोर सिग्नल ऐकण्याची क्षमता) बघून रिग घ्यावी का, असं दोघांनी विचारलं. काँटेस्टमध्ये जोरदार स्टेशनांना चिकटून ऐकायचं असेल तर जरूर बघा. माझ्यासारख्या संध्याकाळच्या गप्पांना तो आकडा कधी आड आला नाही. घेतल्या घेतल्या एखाद्या बीकनची वही मात्र सुरू करा. माझ्याकडे आधीच्या महिन्यांची नोंद असती, तर पहिलं कुरिअर वाचलं असतं.

आज सकाळी तिसरा डॅश आला, प्रीॲम्पशिवाय, पीटीटीला हात न लावता. चौथा अजून एकदाही ऐकलेला नाही.