झाडबेडकासाठी बनवून घेतलेली काचेची उभी टाकी: रिव्ह्यू

आमच्याकडं व्हाइट्स ट्री फ्रॉगची जोडी आहे, त्यांच्यासाठी शाहूपुरीतल्या एका अॅक्वेरियमवाल्याकडून १८ बाय १८ बाय २४ इंचाची टाकी करून घेतली. उंची हवीच, हे बेडूक जमिनीपेक्षा फांदीवरच जास्त असतात, रात्री जागे आणि दिवसभर काचेला चिकटून झोपलेले.

सगळ्यात भारी म्हणजे वरची जाळी. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टला हवेतच एवढी ओल असते की बंद टाकीत आठवड्यात बुरशी धरते, जाळीमुळं हवा खेळती राहते आणि आत ओल साचून राहत नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र टाकी गार खोलीतच ठेवा, ३० डिग्रीच्या वर त्यांना त्रास होतो.

कमी पडलं ते दाराच्या फटीत, बेडकांना खायला सोडलेले बारीक क्रिकेट किडे (रातकिडे) रात्रभर बाहेर येत होते, शेवटी रबराची पट्टी लावून घेतली. एवढ्या पैशात हे व्हायला नको होतं, म्हणून एक स्टार कापला.

आणि कोणतीही टाकी घ्या, नळाचं पाणी थेट ओतू नका! बेडूक कातडीतूनच पाणी शोषतो, क्लोरीन काढणारे थेंब टाकूनच वापरा, किड्यांना कॅल्शियमची पावडर लावा, आणि उगाच सारखं हातात घेऊ नका.

आंबोली-राधानगरीचे झाडबेडूक तर पकडून आणूच नका, ते तिथल्या पावसातच राहू देत. रेड-आय (लाल डोळ्यांचा परदेशी झाडबेडूक) घेणार असाल तर तो सायटिसच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

४/५