विंडोज ७ च्या अपडेटपायी गेलेले ८८,०९९ रुपये

गुरुवार, १२ सप्टेंबर २०२४ रोजी, गौरी विसर्जनाच्या दिवशी, दुपारी साडेतीनपासून सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांपर्यंत माझे ८८,०९९ रुपये गेले. त्यांपैकी ४,९९९ आणि ८,८५० रुपये मी स्वतःच्या हाताने यूपीआयने पाठवले, आणि ४९,५०० व २४,७५० रुपये माझ्या डेबिट कार्डावरून काढून घेण्यात आले. हे लिहून काढायला मला चार महिने लागले. बावीस वर्षे डीटीपीचा, म्हणजे संगणकावर पाने मांडून छपाईसाठी तयार करण्याचा, व्यवसाय करणाऱ्या, शेजारीपाजारी ज्याच्याकडे ऑनलाइन अर्ज भरून घ्यायला येतात अशा माणसाने आपण असे फसलो हे सांगणे सोपे नसते. तरीही लिहीत आहे, कारण माझ्यासारखे जुने संगणक सांभाळून काम करणारे लोक गावोगावी आहेत आणि त्यांच्यावर हीच वेळ येऊ शकते.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात, की २०२४ साली विंडोज ७ कशाला वापरत होतात? त्याचे उत्तर असे की माझे पोट त्यावर आहे. पाने मांडायच्या पेजमेकरची जुनी आवृत्ती, युनिकोडच्या (आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टांचे सॉफ्टवेअर आणि त्याचे हार्डवेअर लॉक (ते चालण्यासाठी संगणकाला जोडावी लागणारी किल्ली) हे सारे माझ्याकडे त्या ३२ बिट विंडोजवरच नीट चालते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि दिवाळी अंक यांच्या पंधरा-वीस वर्षांच्या फाइली त्या फॉन्टांमध्ये अडकलेल्या आहेत. नवे यंत्र घेतले तर जुन्या गिऱ्हाइकाचा मजकूर पहिल्यापासून टाइप करावा लागेल, आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. हा हौसेचा किंवा आळसाचा प्रकार नव्हे.

ऑगस्टच्या शेवटी माझी हार्ड डिस्क गेली. नवी एसएसडी बसवून जवळच्या मूळ डीव्हीडीवरून विंडोज ७, सर्व्हिस पॅक १ पुन्हा टाकले. त्यानंतर विंडोज अपडेट उघडले, तर दर वेळी ८००७२ईएफई हाच एरर कोड येऊ लागला. चार दिवस मी जमेल ते करून पाहिले. फायरवॉल बंद केली, अपडेटचे तात्पुरते फोल्डर रिकामे केले, राउटर बदलून पाहिला. शहाण्णव पानांचा दिवाळी अंक वेळेत छपाईला द्यायचा होता, घरात गौरींसाठी आलेले पाहुणे होते आणि मी रोज रात्री दीडपर्यंत जागत होतो. अशा अवस्थेत तो कोड मी शोधयंत्रात टाकला. सर्वांत वर एक जाहिरात आली, तिच्यात तोच कोड होता, 'अधिकृत सपोर्ट' असे शब्द होते आणि एक टोल-फ्री क्रमांक होता. वर येणारा निकाल पैसे भरून वर आणलेला असू शकतो, हे मला ठाऊक होते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर संदेशात कधीही फोन क्रमांक नसतो, हे मात्र ठाऊक नव्हते. तुम्ही ते आत्ताच लक्षात ठेवा.

मी तो क्रमांक लावला. पुढचा क्रम बहुतेकांना माहीत असेल. अदबीने हिंदी बोलणाऱ्या माणसाने दूरवरून पडदा हाताळण्याचे ॲप टाकायला लावले, मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून लाल खुणांची लांबलचक यादी दाखवली आणि हे सगळे व्हायरस आहेत असे सांगितले. अशा लाल खुणा अगदी धडधाकट संगणकावरही शेकड्यांनी सापडतात, कारण एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी तिची तिथे नोंद होते. मग काळ्या खिडकीत नेटस्टॅट ही नेटवर्कच्या जोडण्या दाखवणारी आज्ञा देऊन 'फॉरेन ॲड्रेस' या रकान्यावर बोट ठेवून तो म्हणाला, ‘देखिए सर, विदेश से कोई आपके सिस्टम में बैठा है।’ फॉरेन म्हणजे परदेशी नव्हे, तर जोडणीचे पलीकडचे टोक, एवढे इंग्रजी मला येते. पण मी चार दिवस हरत आलो होतो आणि समोरचा माणूस माझा एरर कोड तोंडपाठ म्हणत होता.

आता त्या एका वाक्याविषयी लिहितो, ज्याची आठवण झाली की अजूनही माझी झोप उडते. तो म्हणाला की तुमच्या लायसन्सची मुदत संपल्यामुळे अपडेट अडले आहे, ४,९९९ रुपये भरले की विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट पुढची पाच वर्षे, म्हणजे २०२९ पर्यंत चालू राहतील. हे वाक्य धादांत खोटे आहे हे मला त्याच क्षणी कळायला हवे होते, कारण खरे काय ते मला चार वर्षांपूर्वीपासून माहीत होते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला. दुसऱ्या दिवसापासून तशी सूचना संपूर्ण पडदाभर येऊ लागली होती, ती मी वाचली होती आणि 'पुन्हा आठवण करू नका' या पर्यायावर मीच क्लिक केले होते. कंपन्यांना पैसे भरून मिळणारी मुदतवाढसुद्धा १० जानेवारी २०२३ रोजी संपली होती. जी वस्तू बनवणाऱ्याने बनवणे बंद केले आहे, ती कोणीतरी मला पाच वर्षांसाठी विकत होता, आणि मी त्याला 'कशी काय?' एवढे दोन शब्दसुद्धा विचारले नाहीत. मला ते खरे असायला हवे होते. माझे यंत्र, माझे फॉन्ट, माझ्या फाइली आणखी पाच वर्षे टिकतील असे कोणी सांगितले, आणि मी ते ऐकून घेतले. यात माझी चूक आहे. मात्र 'एवढे शिकलेले असून' असे म्हणणाऱ्यांना सांगतो, की या माणसाने माझ्या अज्ञानाचा नव्हे तर माझ्या गरजेचा फायदा घेतला.

४,९९९ रुपये गेल्यावर पडदाभर 'कॉन्फिगरिंग विंडोज अपडेट्स, ३५ टक्के' असे दिसू लागले आणि वीस मिनिटे आकडा हलला नाही. ते विंडोजचे खरे पान होते की त्यांनी लावलेले चित्र, हे मला आजही सांगता येत नाही. मग 'नेटवर्क सिक्युरिटी' नसल्याने अडले आहे असे सांगून ७,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,३५० रुपये, असे ८,८५० रुपये घेतले. पावती मागितली तर ई-मेलने येईल म्हणाला. जीएसटी आकारतो त्याच्याकडे जीएसटी क्रमांक मागा, आणि तो मिळेपर्यंत रुपयाही देऊ नका.

शेवटी, यंत्र फार जुने आहे, अपडेट होणार नाही, सगळे पैसे परत करतो, असे त्याने सांगितले. मी खरोखर सुटकेचा श्वास सोडला. परताव्याच्या सोयीसाठी म्हणून तेच ॲप फोनवर टाकून घेतले, एका अर्जात कार्डाचे तपशील भरायला लावले आणि आलेला ओटीपी वाचून दाखवायला सांगितला. त्या संदेशात ४९,५०० रुपये खर्च होत आहेत असे स्पष्ट लिहिलेले होते. मी फक्त सहा आकडे पाहिले. ओटीपीचा संदेश आकड्यांच्या आधी वाचा. पैसे परत घेण्यासाठी ओटीपी, पिन किंवा कार्डामागचे तीन आकडे कधीही लागत नाहीत.

ही रक्कम ५:४९ वाजता गेली. ५:५२ वाजता मी बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला, आणि येथून पुढच्या गोष्टीचा मला भामट्यांहून अधिक संताप आहे. भाषा निवडा, सेवा निवडा, कार्डाचे आकडे टाका, चुकले, पुन्हा टाका, आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, असे सारे चालू असताना ६:०४ वाजता दुसरे २४,७५० रुपये गेले. हा दुसरा ओटीपी मी कोणालाही सांगितला नव्हता. फोनवरचे ते ॲप चालूच होते आणि त्यांनी तो पडद्यावरून वाचला. (असे काही घडल्यास आधी फोनचे इंटरनेट बंद करा, ॲप काढून टाका आणि बँकेला दुसऱ्याच्या फोनवरून कळवा. हे मला कोणी सांगितले असते तर २४,७५० रुपये वाचले असते.) ६:०७ वाजता माणूस बोलला आणि ६:११ वाजता तक्रार क्रमांक मिळाला.

शाखेत गेलो तर अधिकारी म्हणाले, “काका, ओटीपी तुम्हीच दिलात ना? मग बँक काय करणार?” मी रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक छापून नेले होते. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान त्याने बँकेला कळवेपर्यंत त्याचे, कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे, आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर, असे त्यात लिहिलेले आहे. त्यानुसार पहिल्या रकमेबद्दल मी वाद घालत नाही. पण दुसऱ्या रकमेच्या बारा मिनिटे आधी मी बँकेला फोन केला होता, आणि तो माझ्या कॉल लॉगमध्ये आहे. बँकेचे लेखी उत्तर आले, की 'कळवण्याची वेळ' ही तक्रार क्रमांक तयार झाल्याची वेळ धरली जाते. म्हणजे बँकेने मला जितका वेळ ताटकळत ठेवावे, तितका वेळ चोरी माझ्या खात्यावर. मी त्यांना विचारले की आग लागल्याचे कळवल्याची वेळ फोन केल्याची, की बंब आल्याची? त्यांनी ‘वरिष्ठांकडे अर्ज करा’ असे सांगितले.

पोलीस ठाण्यात शुक्रवारी गेलो. हवालदार म्हणाले, “साहेब बंदोबस्तात आहेत, विसर्जनानंतर या.” माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे अशा गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, हे मान्य, पण तक्रार लिहून घ्यायला कोणाची आडकाठी होती? विसर्जनानंतर गेलो तर जिल्ह्याच्या सायबर विभागात जायला सांगितले. चौसष्ट किलोमीटर एसटीने गेलो, तर तिथे रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या, असे सांगण्यात आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मी ते कलम दाखवले, तेव्हा मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले गेले आणि दोन तासांनी अर्जावर शिक्का मारून दिला. आजही माझ्याकडे तेवढा शिक्काच आहे.

त्यातल्या त्यात उपयोग झाला तो सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा, म्हणजे १९३० या क्रमांकाचा. मी त्याच संध्याकाळी तिथे तक्रार दिली आणि पुढे ११,३४० रुपये एका खात्यात गोठवले गेल्याचे कळले. पहिल्या तासात फोन करा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा.

मूळ अपडेटचे काय झाले, हेही सांगायला हवे. भाच्याने येऊन तासाभरात ते दुरुस्त केले. २०१९ पासून मायक्रोसॉफ्टचे अपडेट एसएचए-२ या नव्या पद्धतीच्या डिजिटल सहीने येतात आणि २०२० मध्ये जुन्या सहीच्या यंत्रांना जोडून घेणारी सोय बंद झाली, त्यामुळे जुन्या डीव्हीडीवरून टाकलेले विंडोज ७ पहिल्याच पायरीला अडते. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग उघडून केबी ४४९०६२८, केबी ४४७४४१९ आणि केबी ३१३८६१२ या तीन फाइली त्याने पेन ड्राइव्हवर घेतल्या, बसवल्या, संगणक पुन्हा सुरू केला आणि जानेवारी २०२० पर्यंतचे अपडेट रांगेने येऊ लागले. तिन्ही फाइली फुकट आहेत. त्या टाकण्यापूर्वी संगणकाची तारीख बरोबर आहे का तेही पाहा. मदरबोर्डवरचा बटणसेल संपला की तारीख मागे जाते आणि अपडेट त्यानेही अडतात. आता ते यंत्र मी इंटरनेटला जोडतच नाही. बँकेचे काम त्यावर कधीच करायला नको होते.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये एका वर्षाची मुदतवाढ ३० डॉलरला जाहीर केली होती. कोणी तुम्हाला पाच वर्षे विकू लागला तर फोन ठेवा.

माझ्या तक्रारीच्या वेळी गोठवलेले ११,३४० रुपये परत मिळण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागत होता, आणि त्यासाठी पोलिसांचा अहवाल. तो मागायला मी आतापर्यंत सहा वेळा ठाण्यात गेलो आहे. सोमवारी पुन्हा जाणार आहे. २४,७५० रुपयांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दिली आहे. तिच्यासोबत ५:५२ चा कॉल लॉग जोडला आहे.