मारुतीची आयकॅट्स आणि कंपनीचा अलार्म: गाडी राखते, आतली बॅग नाही

स्विफ्ट, बलेनो, डिझायर घेताना ‘सिक्युरिटी सिस्टीम’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यात खरं तर दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. एक आयकॅट्स, म्हणजे इमोबिलायझर (ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन सुरूच होऊ न देणारी यंत्रणा), दुसरा अलार्म. पहिली भक्कम आहे, दुसरी जेमतेम.

आयकॅट्सचं काम असं चालतं. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक चिप असते, तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती अँटेनाची कॉइल बसवलेली असते. किल्ली ऑन केली की कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला वीज मिळते आणि ती आपला कोड पाठवते. इंजिनच्या ईसीएमने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाने, तो ओळखला तरच इंधन आणि स्पार्क मिळतो. म्हणून तारा जोडून स्टार्टर फिरवला तरी इंजिन पकडत नाही. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याने कापलेली साधी किल्ली दार उघडेल, गाडी सुरू करणार नाही. अमेरिकेत 2011 ते 2021 दरम्यानच्या किया-ह्युंदाईच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ही चिपच नव्हती आणि चोरांनी यूएसबी केबलचं टोक वापरून त्या गाड्या पळवल्या. एवढ्या एका भागाने केवढा फरक पडतो, हे त्यावरून कळतं.

किल्ली ऑन केल्यावर मीटरवरचा गाडी-किल्लीच्या चित्राचा दिवा थोडा वेळ लागून विझला तर सगळं ठीक. ऑन असताना तो लुकलुकत राहिला तर किल्ली ओळखली गेलेली नाही. लगेच ईसीएम बदलायला निघू नका. किल्ली लॉकवर आणून परत ऑन करा. त्याच रिंगमध्ये दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली असेल तर ती काढा, दोन चिप एकमेकींच्या आड येतात. तरीही जमलं नाही तर दुसरी मूळ किल्ली लावा. तिने सुरू झाली तर दोष पहिल्या किल्लीत. दोन्हींनी नाही झाली तर कॉइलचा कनेक्टर आणि गाडीची 12 व्होल्टची बॅटरी तपासायला सांगा.

आता अलार्म. रिमोटने लॉक केल्यावर सुमारे 20 सेकंदांनी तो सज्ज होतो. नंतर रिमोटशिवाय, म्हणजे लोखंडी किल्लीने किंवा आतला नॉब ओढून दार उघडलं, तर आधी साधारण 10 सेकंद आतला बझर वाजतो, मग 30 सेकंद हॉर्न, आणि पूर्ण वेळ हॅझर्डचे (चारही इंडिकेटरचे) दिवे लुकलुकतात. मॉडेलप्रमाणे हे आकडे थोडे बदलतात. थांबवायचा असेल तर आपली किल्ली लावून इग्निशन ऑन करा.

यातली मोठी उणीव: तो दाराच्या स्विचवर चालतो. काच फुटल्याचं किंवा आत हात आल्याचं त्याला समजत नाही, कारण तसा सेन्सरच नाही. काच फोडून सीटवरचा लॅपटॉप नेला तर हॉर्न गप्पच राहतो. गाडी टो करून उचलली तरी तेच. या किमतीच्या गाडीत निदान काचफुटीचा सेन्सर द्यायला हवा होता, हे स्पष्ट म्हणावंसं वाटतं.

पुश-स्टार्टवाल्यांसाठी: रिमोटमधली सीआर2032 बॅटरी संपली तर आतली लोखंडी किल्ली काढून दार उघडा. अलार्म वाजेल, घाबरू नका. ब्रेक किंवा क्लच दाबून स्टार्टचं बटण दाबा, मग रिमोटचं लॉक-बटणाकडचं टोक त्या बटणाला दोनेक सेकंद टेकवा. चिप बॅटरीशिवाय वाचली जाते, गाडी सुरू होते.

अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातला रिमोट-स्टार्ट (बाहेरूनच रिमोटने इंजिन सुरू करायचं किट) मात्र बसवू नका. त्यातल्या बऱ्याच किटमध्ये तुमच्या दुसऱ्या किल्लीची चिप डॅशबोर्डमागे कायमची ठेवतात आणि आयकॅट्सचा पहाराच उठतो. वायरिंग कापल्याने वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच.

किल्ली हरवली तर नुसती नवी करून घेऊ नका. सर्व्हिस सेंटरमध्ये हरवलेल्या किल्लीचा कोड ईसीएममधून पुसून घ्या. उरलेली मूळ किल्ली सोबत न्या. चोरीचा क्लेम करताना विमा कंपन्या दोन्ही किल्ल्या मागतात, त्यामुळे हरवल्याची पोलिसांकडची नोंद जपून ठेवा.

सराईत चोर स्टेअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो त्या सॉकेटला, यंत्र लावून नवी किल्ली नोंदवतो. तिथे अलार्म आणि चिप दोन्ही अपुरे पडतात, गिअरचा दांडा जखडणारं गिअर लॉक मात्र त्याला कापावंच लागतं. रस्त्यावर रात्र काढणाऱ्या गाडीला ते बसवाच. विम्यात एआरएआय (वाहनं आणि त्यांचे भाग तपासणारी संस्था) प्रमाणित चोरीविरोधी उपकरणासाठी ओन डॅमेज प्रीमियमवर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर, 2.5 टक्के, कमाल 500 रुपये सूट असते. लॉक घेताना पुण्याच्या एआरएआयचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि नूतनीकरणाच्या वेळी ते जोडा.