दांडिया बाजारातील जुन्या घराला सागाचे पॅनेलिंग : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमचे घर जुने, विटांचे. बैठकीच्या खोलीतील १२ फूट रुंद आणि ९ फूट उंच अशा एका भिंतीला दर पावसाळ्यात पोपडे येत, आणि दोनदा रंग देऊनही ते थांबले नाहीत, म्हणून गेल्या हिवाळ्यात तिथे सागाच्या विनियरचे पॅनेलिंग करून घेतले. काम बडोद्यातीलच एका फर्निचर कंत्राटदाराला दिले होते.

त्याच्याकडच्या मिस्त्रीचे मनापासून कौतुक केले पाहिजे. भिंत आधी कोरडी झाल्याशिवाय लाकडाला हात लावणार नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले. बाहेरच्या बाजूचा पावसाच्या पाण्याचा पाइप सांध्यापाशी गळत होता. तो बदलून, खराब गिलावा काढून नवा केल्यावर महिनाभर भिंत उघडीच ठेवली. नंतर भिंतीवर लाकडी पट्ट्यांची चौकट बसवून तिच्या मागे हवा खेळेल इतकी जागा सोडली आणि पट्ट्यांना वाळवीचे औषध लावले. चौकटीवर १२ मिलिमीटरचा, आयएस ७१० (ओलाव्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचे भारतीय मानक) शिक्क्याचा प्लाय आणि त्यावर विनियर बसवला.

विनियर म्हणजे पातळ प्लायवर चिकटवलेला सागाचा पापुद्रा. एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेले पापुद्रे असलेली पाने घेतली तरच रेषा जुळतात, त्यामुळे मिस्त्रीने तिन्ही पाने दुकानातच शेजारी शेजारी उभी करून पाहिली आणि पाठीमागे खडूने क्रमांक घातले. आज सकाळचे ऊन तिरपे आले की रेषा एका पानातून दुसऱ्यात इतक्या सहज जातात की सांधा बोटाने चाचपूनच सापडतो. स्विचबोर्डांचे डबे मात्र पुढे घ्यावे लागले, त्याचा खर्च वेगळा झाला.

तक्रार आहे ती खालच्या एक फुटाची. विनियरचे पान ८ फुटांचे असल्यामुळे उरलेल्या पट्ट्यासाठी सागाची फळी ठरली होती. कंत्राटदाराने मला न विचारता रंगवलेला एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, लावला. फरशी पुसताना पाणी त्याच्या कडेला लागतेच, आणि जुलैमध्ये ती कड भिजलेल्या पावासारखी फुगून वर आली. विश्वामित्री नदीचा २०२४ चा पूर पाहिलेल्या शहरात जमिनीलगत एमडीएफ वापरावा, हे मला पटत नाही. तीन आठवडे फोन केल्यावर त्याने एमडीएफ काढून सागाची फळी लावून दिली, जादा पैसे घेतले नाहीत, पण बिलात प्रत्येक ठिकाणचे साहित्य लिहून घेतले असते तर हा वाद झालाच नसता.

आतल्या खोलीचे काम याच मिस्त्रीकडून करून घेणार आहे; प्लाय आणि फळ्या मात्र मी स्वतः दुकानात जाऊन, शिक्का पाहून आणणार आहे.