फ्लिप्ड क्लासरूम की पीअर इन्स्ट्रक्शन? नाशिकच्या कॉलेजात शिकवणाऱ्यांसाठी

नव्या सेमिस्टरपासून शिकवण्यात बदल करायचा, एवढं ठरलेलं असतं. घोडं अडतं ते पुढे. व्हिडिओ आधी घरी पाहायला देऊन तासाला सराव घ्यायचा (फ्लिप्ड क्लासरूम), की नेहमीच्या तासातच नेमके प्रश्न टाकून मुलांना एकमेकांशी वाद घालायला लावायचा (पीअर इन्स्ट्रक्शन)? वर्गात ऐंशी-शंभर मुलं असतील आणि यंदा एकच गोष्ट जमणार असेल, तर मी दुसरी निवडायला सांगेन.

संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम विद्यापीठाचं अभ्यासमंडळ ठरवतं. आपल्या हाती उरते ती तासाची आखणी आणि अंतर्गत मूल्यमापन. दोन्ही पद्धती तेवढ्यात बसतात.

फ्लिप्डची सुरुवात कोलोरॅडोतल्या एका शाळेत 2007 मध्ये झाली. जोनाथन बर्गमन आणि आरॉन सॅम्स हे रसायनशास्त्राचे शिक्षक तास बुडणाऱ्या मुलांसाठी धडे रेकॉर्ड करू लागले. कल्पना चांगलीच आहे, पण ती उभी आहे ती मुलं व्हिडिओ बघून येतील या भरवशावर. आपल्याकडे दिंडोरी, सिन्नर, त्र्यंबकहून एसटीने येणारी मुलं असतात. काही जण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट करून वर्गात बसतात. द्राक्षाची काढणी जानेवारी ते मार्च, म्हणजे दुसऱ्या सत्राच्या ऐन मध्यावर. निम्मा वर्ग व्हिडिओ न बघता आला की तोच भाग फळ्यावर पुन्हा घ्यावा लागतो आणि बघून आलेली मुलं कंटाळतात. शिवाय व्हिडिओ बनवायला रात्री जातात त्या वेगळ्याच. करायचेच असतील तर छोटे करा. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंचा 2014 चा अभ्यास सांगतो की सहा मिनिटांनंतर बघणारे गळायला लागतात.

पीअर इन्स्ट्रक्शन हार्वर्डच्या एरिक माझुर यांनी 1991 मध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गात सुरू केलं. पंधरा मिनिटं शिकवायचं, मग एक प्रश्न. आपल्या अर्थशास्त्राच्या तासाला तो असा विचारता येईल: लासलगावला कांद्याची आवक 10 टक्क्यांनी वाढली आणि भाव 30 टक्क्यांनी पडला, यावरून काय कळतं? अ) मागणी घटली. ब) मागणी अलवचीक आहे. क) मागणी लवचीक आहे. मुलं आधी एकेकटी, न बोलता, रंगीत कार्ड दाखवून मत देतात. बरोबर उत्तर ‘ब’ आहे: भाव एवढा पडूनही खप थोडाच वाढला. पण बरीच कार्डं ‘अ’ची निघतील, कारण भाव पडला म्हणजे मागणी घटली असंच घरी ऐकलेलं असतं. आता उत्तर सांगायचं नाही. शेजाऱ्याला पटवा म्हणायचं. मागणीच घटली असती तर माल आधीपेक्षा कमी खपला असता, इथे तर जास्त खपला, हा मुद्दा कुणीतरी मांडतंच, आणि बरोबरीच्या पोराने मांडला की तो पटकन पटतो. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मत घ्यायचं.

पहिल्या फेरीत साधारण 30 ते 70 टक्के बरोबर असतील तेव्हाच चर्चा फळते. त्याहून कमी असतील तर पुन्हा शिकवा, जास्त असतील तर दोन वाक्यांत खुलासा करून पुढे जा. क्लिकरची, म्हणजे बटण दाबून मत नोंदवायची, यंत्रं घ्यायची गरज नाही. कार्डांनी शिकणं कमी होत नाही, असं 2008 च्या एका तुलनेत दिसलं आहे. खरी मेहनत आहे ती प्रश्न तयार करण्यात. चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्याखुऱ्या गैरसमजातून आले पाहिजेत, आणि ते आदल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांत आयते सापडतात. भाग थोडा कमी उरकतो, हे मात्र धरून चाला.

प्रॅक्टिकलला मी फ्लिप्डच घेईन. टायट्रेशनला ब्युरेट कशी भरायची, हे मुलं आदल्या दिवशी मोबाइलवर बघून आली की प्रयोगशाळेतला वेळ प्रयोगाला मिळतो. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रं घेणाऱ्यांनाही हीच जवळची. तिथे साहित्य आधी वाचून येणं गृहीतच आहे.

पद्धत कुठलीही घ्या, अंतर्गत चाचणीत ‘टीपा लिहा’ एवढंच राहिलं तर मुलं चर्चेला टाळाटाळ करणारच. चाचणीत वर्गात चर्चेला घेतो तसा एक तरी प्रश्न कारणासह विचारा आणि कारणाला गुण द्या.

पहिला महिना सांभाळा. हार्वर्डमधल्याच 2019 च्या प्रयोगात चर्चेच्या वर्गातली मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. ‘सर शिकवतच नाहीत’ हे फीडबॅकमध्ये येण्याआधी, पहिल्याच आठवड्यात, हा प्रयोग वर्गाला सांगा आणि विभागप्रमुखांच्याही कानावर घाला.